तिसऱ्या अंकातलं हसू

थोरलीचं आणि सुरांचं जन्मापासून वाकडं. ती गुणगुणायला लागली की मांजरसुद्धा उठून दुसऱ्या खोलीत जातं, असं तिचे वडील म्हणायचे. धाकटीची गोष्ट नेमकी उलटी. ती पाळण्यात रडायची तेव्हा समोरच्या कारखान्यातले कामगार पाळी सुटली समजून डबे आवरायला लागायचे. वडिलांनी तिचं नावच ठेवलं भोंगा. पुढे वर्तमानपत्रवाले त्या भोंग्याला सुवर्णकंठी म्हणायला लागले, तरी घरात ती भोंगाच राहिली.

आई लवकर गेली. थोरलीची शाळा तेव्हा जेमतेम संपत आली होती आणि धाकटीच्या वेण्या अजून दुसऱ्याने घालाव्या लागत होत्या. थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला लागली आणि तिथलीच होऊन गेली. दुकानाच्या मागच्या बाजूला काचा घासायचं चाक होतं. वरून पाण्याची बारीक धार, खाली फिरता दगड, आणि चिमटीत धरलेली गोल काच. फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत ती कडेने घासत राहायची. जरा जोर जास्त झाला की काचेचा टवका उडायचा, जरा कमी झाला की काच फ्रेममध्ये बसायची नाही. थोरलीचा हात या कामात असा बसला की मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या बाई डोळे मिटून काच घासतात, तुम्ही डोळे उघडे ठेवून चष्मा घाला म्हणजे झालं."

चाकाची घरघर एवढी असायची की पुढे उभं राहून कोणी काही विचारलं तर तिला ऐकू यायचं नाही. मग ती चाक थांबवायची, मान जराशी डावीकडे कलवायची आणि अदबीने, हलकंसं हसायची. "काय म्हणालात?" गिऱ्हाइकाला आपणच हळू बोललो असं वाटावं, तिचं लक्ष नव्हतं असं वाटू नये, इतपतच ते हसू असायचं.

धाकटी गाणं शिकली. ऑपेरात गेली. ऑपेरा म्हणजे अख्खं नाटकच गाण्यातून. भांडायचं ते गाऊन, मरायचं तेही गाऊन. बायकांच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी तिची, तिला त्या लोकांत सोप्रानो म्हणतात. पहिली काही वर्षं ती मागच्या घोळक्यात उभी राहून गायली. मग एकदा नायिकेचं काम करणारीने भांडून नाटक सोडलं आणि सरदाराच्या लेकीची भूमिका धाकटीच्या पदरात पडली. दुसऱ्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात छापून आलं, 'या मुलीला वरच्या सुरांवर चढावं लागत नाही. ती तिथे राहायलाच असते.' थोरलीने ते वडिलांना वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, "खरंय. खाली कधी उतरली होती ती?"

मग भूमिकांवर भूमिका मिळत गेल्या. वेडी नवरी, निर्वासित राणी, विष पिणारी नर्तकी. समीक्षकांनी शब्दांची पोतीच्या पोती रिकामी केली. कुणाला तिच्या आवाजात रेशीम दिसलं, कुणाला पहाट, कुणाला आणखी काय. पण एक समीक्षक होता, म्हातारा आणि तिरसट. नटनट्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं एरंडेल, कारण त्याचं लिखाण नाक दाबून गिळावं लागायचं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात ढवळायचं. तो धाकटीच्या प्रत्येक भूमिकेवर जवळपास तेच लिहायचा. राणीच्या वेळी लिहिलं, 'आवाज निर्दोष. राणी दिसली नाही.' नर्तकीच्या वेळी तर एका ओळीत उरकलं, 'सूर हजर, बाई गैरहजर.'

धाकटी बाकीची सगळी कौतुकं विसरायची आणि हे एक वाक्य घेऊन थोरलीच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची.

"ताई, बाई गैरहजर म्हणजे काय गं? मी मरते तेव्हा समोरचे लोक रडतात."

"मग झालं तर. लोकांचं ऐक. त्या म्हाताऱ्याला मूळव्याध असेल."

धाकटी हसायची, पण ते वाक्य तिच्या पायात काट्यासारखं मोडलेलंच राहायचं.

थोरलीचं लग्न झालं होतं. नवरा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले अर्धे दिवस रस्त्यावर. एक मुलगा होता, सहा वर्षांचा, बडबड्या. मावशीने सूर लावला की कानात बोटं घालून टेबलाखाली शिरायचा आणि तिथून ओरडायचा, "भोंगा झाला, चला घरी!" मावशी त्याच्यासाठी मुद्दाम आणखी वरचा सूर लावायची.

एका थंडीत त्याला ताप आला. आधी साधा वाटला. तिसऱ्या दिवशी मान वळवेना, उजेड सहन होईना. नवरा कुठेतरी दूरच्या रस्त्यावर होता. धाकटी दोन खेळांच्या मधल्या सुट्टीत घरी आली होती, म्हणून थोरलीबरोबर इस्पितळात तीच गेली. मुलाला आत नेलं. दोघी व्हरांड्यात बाकावर बसल्या. भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा तेलरंग होता आणि कोणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं.

डॉक्टर बाहेर आला. तरुण होता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि काय ते सांगितलं.

थोरली उठून उभी राहिली. तिने मान जराशी डावीकडे कलवली आणि अदबीने, हलकंसं हसली.

"काय म्हणालात?"

डॉक्टरला सगळं पुन्हा सांगावं लागलं. धाकटीने तिथेच भोकाड पसरलं, बाकाला धरून खाली बसली. थोरलीच्या ओठांवर ते हसू मात्र अजून होतं. उतरवायचं कसं ते तिला कळेना. समोरच्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर तिने जे पाहिलं ते ती पुढे विसरली नाही. तो घाबरला होता. मुलाच्या मरणाला नाही, त्याच्या आईला.

बाकीचं दुःख तिने उचललं, जसं सगळ्याच आया उचलतात. पण हे हसू तिच्या काळजात गळवासारखं ठसठसत राहिलं. आपलं पोर गेलं आणि आपण गिऱ्हाइकाला हसतो तसं हसलो. नवरा धावतपळत परत आला आणि त्याने विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, "मला चक्कर आली. पुढचं काही आठवत नाही." धाकटीला तिने बाजूला घेतलं.

"तू पाहिलंस ते कुणाला सांगायचं नाही. ह्यांनासुद्धा नाही. माझी शपथ आहे तुला."

"मेले तरी नाही सांगणार, ताई."

वर्षं गेली. वडील गेले. थोरलीला पुन्हा मूल झालं नाही. नवऱ्याने लांबचे पल्ले सोडले आणि गावातल्या गावात माल पोचवायचं काम धरलं. पुन्हा असं काही झालं तर आपण घरी असावं, असं त्याला वाटत असावं, पण तसं तो कधी बोलला नाही. थोरली चाकावर होतीच. आता तिच्या स्वतःच्या नाकावरही चष्मा आला होता.

धाकटी चाळिशीला टेकली तेव्हा तिला एका नव्या ऑपेरात नावाड्याच्या आईची भूमिका मिळाली. आधी ती नाक मुरडत होती. "आता मला आया देतात, ताई. पुढच्या वर्षी आज्या देतील." मग तालमी सुरू झाल्या आणि तिचं येणं कमी झालं. पहिला खेळ झाला त्या आठवड्यात थोरलीला तापाची कणकण होती, ती गेली नाही.

दुकानात एक पद्धत होती. जवळचं वाचायचा चष्मा तयार झाला की तो डोळ्यांवर चढवून गिऱ्हाइकाच्या हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र द्यायचं. वाच म्हणायचं. अडखळला तर नंबर पुन्हा तपासायचा. त्या सोमवारी एक निवृत्त मास्तर आले होते. थोरली त्यांच्या कानामागची काडी वाकवून बसवत होती आणि मास्तर वर्गात धडा वाचावा तसे खड्या आवाजात वाचत होते.

"'तिसऱ्या अंकात निरोप्या येतो आणि नाव बुडाल्याचं सांगतो. वाद्यवृंद थांबतो. आता आई टाहो फोडणार म्हणून आपण सावरून बसतो. पण ती हसते. मान किंचित डावीकडे कलवून, एखाद्या परक्या माणसाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही म्हणून आपण अदबीने हसतो, तसं. आणि निरोप्याला तेच पुन्हा सांगावं लागतं.' वा! अक्षर अगदी स्वच्छ दिसतंय हो बाई. 'माझ्या उभ्या आयुष्यात रंगमंचावर यापेक्षा भयंकर काही मी पाहिलेलं नाही. इतकी वर्षं मी लिहीत आलो की ही बाई गैरहजर असते. आज ती हजर होती. मी माझे शब्द मागे घेतो.'"

मास्तरांनी चष्मा काढला. "ही गाणारी तुमची बहीण ना? मालक सांगत होते. अभिनंदन! एरंडेलाने शब्द मागे घेतले म्हणजे गंमत नाही."

थोरलीने त्यांच्या हातातून चष्मा घेतला, पुसला, डबीत घातला. डबी बंद होईना. तिने चष्मा उलटा ठेवला होता.

तिने स्वतःला समजावलं की जग मोठं आहे, असं कुणालाही सुचू शकतं. पण रविवारच्या दुपारच्या खेळाचे दोन पास धाकटीने पाठवले, आणि नवरा हरखला. "मेहुणीचं एवढं नाव झालंय आणि आपण घरात बसायचं? लोक शेण घालतील तोंडात." त्याने ठेवणीतला कोट काढला. थोरली निघाली. न जायला कारण काय सांगणार होती?

त्यांच्या जागा पुढे होत्या. पहिले दोन अंक थोरलीने पाहिले असं म्हणायचं, एवढंच. तिसऱ्या अंकात निरोप्या आला. वाद्यं थांबली. धाकटी जाळं विणत बसली होती, ती उठून उभी राहिली.

ते तेच होतं. मान तेवढीच कललेली, एका बोटाने कानामागची बट सारलेली. बटेचं तर थोरलीलाही माहीत नव्हतं. बघताक्षणी मात्र तिला आठवलं की हो, मी तसं केलं होतं. ओठ तेवढेच उघडलेले. मागच्या रांगेत एक बाई हुंदका दाबत होती. नवऱ्याने अंधारात थोरलीचा हात शोधून घट्ट धरला. त्याचे गाल ओले होते. थोरलीला मात्र एकच वाटत होतं, की आता दिवे लागतील आणि सगळे वळून आपल्याकडे पाहतील.

कोणीच पाहिलं नाही. टाळ्या थांबेनात. धाकटी वाकून वाकून नमस्कार करत राहिली.

नंतर नवरा म्हणाला, तू भेटून ये, मी बाहेर थांबतो, त्या अत्तरवाल्या लोकांत मला गुदमरतं. रंगपटाच्या दारात फुलांची आणि माणसांची दाटी होती. आत आरशासमोर धाकटी, आणि तिच्यापुढे काठी टेकून एक वाळलेला म्हातारा. आजूबाजूचे त्याला ज्या पद्धतीने वाट देत होते त्यावरून थोरलीने ओळखलं, हाच एरंडेल.

"मला एकच सांगा," तो म्हणत होता. "ते हसू. दिग्दर्शकाला विचारलं, तो म्हणतो माझं नाही. कुठून आणलंत?"

धाकटीने आरशात पाहिलं. दारातली थोरली तिला दिसली असावी, कारण ती क्षणभर थांबली.

"सुचलं," ती म्हणाली.

म्हातारा मान डोलवत राहिला. "असं सुचतं त्यालाच प्रतिभा म्हणतात."

हळूहळू सगळे गेले. धाकटी कापसाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होती. अर्धा चेहरा नावाड्याच्या आईचा, अर्धा तिचा स्वतःचा.

"किती वेळ दारात उभी होतीस, ताई? बस ना."

"काय सुचलं तुला?"

धाकटीने कापूस खाली ठेवला. "मग काय सांगायला हवं होतं? ताईचं आहे म्हणून? तूच शपथ घातली होतीस. मी कुणाला एका शब्दाने सांगितलं नाहीये."

"सांगितलं नाहीस. तिकीट लावून दाखवलंस."

"तसं नाही गं." तिचा आवाज चढला, आणि तिचा आवाज चढला की भिंती ऐकायच्या. "मला मूल नाही. माझ्याकडे आहे काय? जे पाहिलं तेवढंच आहे. आणि मी तिथे होते, ताई. भावोजी नव्हते, मी होते. तो माझाही कोणीतरी होता. रात्र रात्र मला तेच दिसायचं. तुला त्याची लाज वाटते. मी लोकांना दाखवलं की ते किती खरं होतं."

यातलं बरंचसं खरं होतं, आणि तेच थोरलीला जास्त लागलं.

"तू रडली होतीस," ती शेवटी म्हणाली. "बाकाला धरून रडली होतीस. ते तुझं होतं. ते दाखवायचंस."

"रडणं सगळ्याच दाखवतात," धाकटी म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं असावं. तिने खाली पाहिलं. पण शब्द मागे घेतला नाही.

"उद्यापासून करू नकोस. एवढंच मागते. बाकी काही नको."

"आता नाही जमणार, ताई. लोक त्यासाठी येतात."

थोरलीने पर्स उचलली. दारात एक फुलांची टोपली आडवी आली, ती तिने पायाने बाजूला केली.

घरी जाताना बसमध्ये नवरा मजेत होता. चार माणसांत बसून रडल्यावर माणूस हलका होतो तसा. "काय गायली! काळजाचं पाणी केलं पोरीने. हसू मात्र मला नाही पटलं. दिसायला झकास, पण खोटं. कुठली आई हसेल गं?"

"मी हसले होते," थोरली म्हणाली.

"कधी?"

"डॉक्टर बाहेर आला तेव्हा."

बस थांबली, माणसं उतरली, माणसं चढली. नवऱ्याने तिच्या हातावरचा हात काढून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. मुद्दाम काढला असं नाही, पण काढला.

"तू म्हणाली होतीस, चक्कर आली."

"खोटं सांगितलं होतं."

"आणि हे तिला माहीत होतं. आता सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त मलाच नव्हतं."

तो कधी तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला शेवट तरी असतो. पण रेडिओवर काही विनोदी लागलं आणि थोरलीला हसू फुटलं की तो मान वर करून तिच्याकडे पाहायचा. वाईट नजरेने नाही. नुसतं पाहायचा, एखादी खूण पटवावी तसं. थोरलीने रेडिओ लावायचं सोडलं.

नावाड्याची आई गाजतच राहिली. तो खेळ परगावी गेला, परदेशी गेला. कुठे लिहून आलं, 'ही भूमिका म्हणजे ते हसू, आणि ते हसू म्हणजे ही गायिका.' पुढे दुसऱ्या गायिकेने ती भूमिका केली आणि हसली नाही, तर समीक्षकांनी तिला सोलून काढलं. तिसरीने मुकाट्याने हसायला सुरुवात केली. एकदा दुकानात गाण्याच्या शाळेत शिकणारी एक मुलगी नवा चष्मा न्यायला आली. तिच्या मैत्रिणीने तिला डिवचलं, "हिचं हसू बसत नाही, गाण्याच्या बाई रोज ओरडतात," आणि त्या मुलीने तिथेच, काउंटरसमोर, चष्मा घालून, मान कलवून हसून दाखवलं. उजवीकडे कलवून. दोघी खिदळल्या. थोरली फ्रेमचा स्क्रू आवळत होती, तो तिने इतका आवळला की काडीच मोडली. दुसरी बसवून द्यावी लागली.

बहिणींचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. सणवार नाही, येणंजाणं नाही. तब्येतीची चौकशी फोनवर व्हायची, तीही हवामानखात्यासारखी. मग धाकटीच्या गळ्याने दगा द्यायला सुरुवात केली. वरचे सूर फाटू लागले. समीक्षक आधी गप्प राहिले, मग हळहळले, आणि कुणाच्या हळहळीपेक्षा वाईट काही नसतं हे धाकटीलाही कळलं. तिने निवृत्ती जाहीर केली आणि एक मोठी मुलाखत दिली. पानभर, फोटोसकट.

त्यात तिने सगळं सांगितलं. ते हसू माझं नाही, माझ्या थोरल्या बहिणीचं आहे. तिचा मुलगा गेला तेव्हा ती तशी हसली होती. आजही ती याच गावात एका चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मला मिळालेल्या कौतुकात सगळ्यात मोठा वाटा तिचा आहे.

फोन सकाळीच आला. धाकटीचा आवाज घोगरा झाला होता, पण आनंद लपत नव्हता. "वाचलंस का, ताई? आता तरी राग गेला ना?"

"शपथ होती तुला."

"अगं, पण मी श्रेय दिलं तुला! इतकी वर्षं माझ्या मनावर दगड होता."

"तो तू आता माझ्या दारात आणून ठेवलास," थोरली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चष्मा न लागणारे लोकही फ्रेम बघायला यायचे आणि मागे डोकावायचे. एका बाईने थोरलीचे दोन्ही हात धरून डोळ्यांत पाणी आणलं. एका माणसाने आवाज खाली करून विचारलं, "त्या वेळी नेमकं काय वाटत होतं हो?" आणि एक गृहस्थ, चांगला शिकलासवरलेला, म्हणाला, "एकदा करून दाखवता का? मी खेळ पाहिलाय, ताडून बघायचंय."

मालकाने मुलाखतीचं ते पान कापून फ्रेमच्या शोकेसमध्ये, मधोमध लावलं.

"ते काढा," थोरली म्हणाली.

"अहो बाई, जाहिरात फुकट मिळतेय. लाजता काय? कौतुकच आहे."

"काढा, नाहीतर मी जाते."

मालक हसला. इतक्या वर्षांची बाई, जाऊन जाणार कुठे? थोरलीने चाकाचं पाणी बंद केलं. अर्धवट घासलेली काच फडक्यात गुंडाळून, त्यावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी ठेवून ती मागच्या दाराने निघाली. पुन्हा त्या दुकानात गेली नाही. मालकाने दोनदा माणूस पाठवला. पान मात्र त्याने बरेच दिवस काढलं नाही.

नवऱ्याला तिने नुसतं सांगितलं, सोडलं म्हणून. तो उठून गेला आणि दुकानाच्या शोकेससमोर उभा राहून ते पान वाचून आला. अख्खं पान.

"तिने तुझा हात धरला होता का गं तेव्हा?" त्याने विचारलं.

"आधी धरला होता. मग ती खाली बसली."

"म्हणजे तू एकटीच उभी होतीस." एवढंच बोलून तो चहा टाकायला गेला. बसमधल्या त्या बोलण्यानंतर इतक्या वर्षांत त्याने त्या दिवसाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दोघं म्हातारी होत आली होती, तेव्हा हे झालं.

पुढच्या हिवाळ्यात धाकटीच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. तिच्या शेजारणीचा फोन आला की घरी तिला बघायला कोणी नाही. थोरली म्हणाली, "मी जाणार नाही." नवरा म्हणाला, "जा. नाही गेलीस तर तेही डोक्यावर बसेल. आधीच काय कमी ओझं आहे?"

ती जाऊ लागली. रोज सकाळी जायची, सूप करायची, चादर बदलायची, धाकटीचे केस विंचरून द्यायची. केस पार विरळ झाले होते. डॉक्टरने बोलायला सक्त मनाई केली होती, आणि खरं सांगायचं तर ते दोघींच्याही सोयीचं होतं. धाकटी कधी कधी तिचं मनगट धरून ठेवायची. थोरली सोडवून घ्यायची नाही, पण बसूनही राहायची नाही. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणायची.

एका सकाळी बेल वाजली. दारात एरंडेल होता. आता अगदीच थकलेला, काठीच्या जागी दोन काठ्या, जाड भिंगांमागे डोळे मोठे आणि पाणीदार. पलंगाजवळ बसून तो बराच वेळ धाकटीच्या जुन्या भूमिकांबद्दल बोलत राहिला, राणी, नर्तकी, सगळ्यांबद्दल, आणि आता तो सगळ्यांचंच कौतुक करत होता. धाकटी उशीला टेकून ऐकत होती.

निघताना तो थोरलीपाशी थांबला. "तुम्ही... त्यांच्या भगिनी का? त्या हसूच्या...?"

"नाही," थोरली म्हणाली. "मी इथे कामाला येते."

म्हाताऱ्याने पलंगाकडे पाहिलं. धाकटीने तोंड उघडलं, हात अर्धवट उचलला. आवाज निघाला नाही, काढायचाही नव्हता. म्हाताऱ्याला वाटलं ती निरोप देते आहे. त्यानेही हात हलवला आणि एकेक पायरी चाचपत तो खाली गेला.

थोरलीने दार लावलं. स्वयंपाकघरातून वाटी घेऊन ती आली तेव्हा धाकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. थोरलीने वाटी स्टुलावर ठेवली, चमचा आत सोडला.

"गरम आहे," ती म्हणाली. "फुंकून घे."

मग ती न्हाणीघरात जाऊन भिजत घातलेल्या चादरी पिळायला लागली.